थापटण्याची परीक्षा : घरच्या पाणबुडीची चारशे वर्षे

'पाणबुडी' म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर नौदलाची काळी, लांबलचक नौका येते. पण या शब्दाचे नातेवाईक मराठीत फार आधीपासून नांदत होते. पाण्यात बुडी मारून तळाची वस्तू काढून आणणारा तो पाणबुड्या. तळ्याच्या पाण्यावर दिसता दिसता नाहीशी होणारी आणि भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली, तिलाही काही भागांत पाणबुडीच म्हणतात. हा लहानसा पक्षी अंगाची पिसे घट्ट दाबून त्यांतली हवा बाहेर काढतो, त्यामुळे जड होतो आणि आवाज न करता खाली जातो. वर यायचे तेव्हा तो येतोच. माणसाने बनवलेल्या पाणबुडीचा सारा इतिहास या दोन क्रियांत सामावतो, आणि त्यांतली दुसरी क्रिया पहिलीपेक्षा अवघड आहे.

धाराशिव जिल्ह्यात बसून पाणबुडीवर लिहिणे काहींना विनोद वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. तेरणा, बोरी, सीना, मांजरा या नद्या पावसाळा सरला की आटत जातात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे हे कितीतरी गावांचे नित्यकर्म असते. परंतु मला या विषयाकडे ओढले ते पाण्याने नव्हे, माणसांनी. पाणबुडीच्या पहिल्या तीनशे वर्षांची नामावली काढून पाहावी. तीत एक सुतार आहे, एक चांभार आहे, तोफखान्यातला एक साधा शिपाईगडी आहे, एक धर्मोपदेशक आहे, कायदा शिकलेला एक मुद्रक आहे आणि एक शाळामास्तर आहे. नौकाबांधणीचे रीतसर शिक्षण यांपैकी फारच थोड्यांना मिळाले होते. आरमारांनी पाणबुडी हाती घेतली ती फार उशिरा. त्याआधी ती घरच्या अंगणात, भाड्याच्या गोदामात, उसनवारीच्या पैशावर घडत होती. स्वतः शिकून काही करू पाहणाऱ्या प्रत्येकाला या इतिहासात आपला चेहरा दिसावा, असा तो आहे. त्यात यश किती आणि मरण किती, आणि ती दोन्ही कशावर ठरली, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

ते समजून घ्यायला लागणारे सारे सामान आमच्या जिल्ह्यात आहे : तेरची घागर, नळदुर्गचा पाणीमहाल आणि कुठल्याही शिवारातली विहीर.

घागर आणि तरंगती वीट

तेर हे तेरणेकाठचे गाव. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ते 'तगर' म्हणून ठाऊक होते. तिथल्या प्राचीन विटांच्या मंदिरांतली वीट पाण्यावर तरंगते, ही गोष्ट जाणकारांनी नोंदवलेली आहे. विटेच्या मातीत भाताच्या तुसासारखे काही मिसळून ती भाजली की तूस जळून जाते आणि जागोजागी पोकळ्या उरतात. वीट जेवढी जागा व्यापते तेवढ्या जागेतल्या पाण्यापेक्षा तिचे वजन कमी भरते, म्हणून ती तरंगते. यापेक्षा निराळा कुठलाही नियम पाणबुडीला लागू होत नाही.

आता विहिरीवर जाऊ. रिकामी घागर पाण्यावर सोडली की ती डुलत राहते. दोराला झटका देऊन कलती केली की तोंडातून पाणी गटागटा आत जाते आणि घागर बुडते. भरलेली घागर पाण्यातून ओढताना हलकी लागते, पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. विहिरीवर पाणी ओढलेल्या प्रत्येक बाईला हे हातांनी ठाऊक आहे. पाणबुडीच्या दोन्ही अंगांना असतात त्या टाक्या म्हणजे अशाच घागरी. बुडायचे तेव्हा त्यांत पाणी घ्यायचे, वर यायचे तेव्हा दाबलेली हवा सोडून ते पाणी बाहेर हाकलायचे.

हे ऐकायला सोपे वाटते, पण हिशोब मांडला की अडचण दिसते. एका माणसाची पाणबुडी करायची म्हणून १ मीटर व्यासाचे आणि ३ मीटर लांबीचे पोलादी पिंप घेतले असे समजू. ते सुमारे २.३६ घनमीटर जागा व्यापते. म्हणजे ते पाण्यात ना तरंगते ना बुडते असे राहायचे असेल, तर त्याचे सर्व सामानासह वजन २,३६० किलो भरले पाहिजे. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे हे पिंप स्वतः भरते जेमतेम ५२० किलो. माणूस, आसन, यंत्र धरूनही बाकी हजार-दीड हजार किलो वजन शिसे, लोखंड आणि बॅटऱ्यांच्या रूपाने त्यात भरावे लागते. नवशिक्याला वाटते की एवढे जड पोलाद पाण्यात राहील कसे. करायला घेतल्यावर कळते की मुळात ते बुडायलाच तयार नसते. हेच पिंप गोड्या पाण्यात बरोबर तोलून समुद्रात नेले तर खारे पाणी जड असल्याने आणखी सुमारे ६० किलो वजन घालावे लागते. असा तोल साधल्यावर एखादी पेटी पुढून मागे सरकवली तरी नाक वर उचलले जाते.

आणखी एक पेच आहे. रिकामी घागर उपडी करून पाण्यात दाबली तर आतली हवा अडकून राहते. पण जसजसे खाली जावे तसतशी ती हवा दबते. १० मीटर खोलीवर ती निम्मी होते. हवा दबली की उचल कमी होते, उचल कमी झाली की घागर आणखी वेगाने खाली जाते. उताराला लागलेल्या गाड्यासारखा हा प्रकार आहे. पाण्याच्या मध्यावर स्थिर राहणे हीच खरी विद्या, आणि ती पक्ष्याला उपजत आहे, माणसाला शिकावी लागते.

पाणीमहाल आणि नदीखालची होडी

तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत मीर मुहम्मद इमादीन याने तो बांधला. तिथल्या फारसी शिलालेखातला काळ हिजरी १०२२, म्हणजे इ. स. १६१३ चा आहे. या बंधाऱ्याच्या पोटात पायऱ्यांनी उतरत जाऊन पोचता येईल अशी दालने आहेत. पावसाळ्यात 'नर' आणि 'मादी' हे दोन सांडवे कोसळत असतात, एका अंगाला तुंबलेली नदी उभी असते, आणि मधल्या भिंतीत माणूस कोरडा बसून खिडकीतून तो प्रपात पाहतो.

पाणीमहाल पुरा झाला त्यानंतर सात वर्षांनी, १६२० मध्ये, लंडनला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच गृहस्थाने थेम्स नदीत एक झाकलेली होडी उतरवली. ड्रेबेल पहिल्या जेम्स राजाच्या पदरी होता. लाकडी सांगाडा, त्यावर तेल-चरबी पाजलेले कातडे, आणि कातड्याच्या बाह्यांतून बाहेर काढलेली वल्ही, अशी ती होडी होती. ती पाण्याखालून किती खोल गेली याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. बहुधा पृष्ठभागाच्या थोडीच खाली असावी. तरीही चालवता येणारी पहिली पाणबुडी म्हणून मान तिलाच दिला जातो.

विजापूरच्या कारागिराला थेम्सची खबर नव्हती आणि ड्रेबेलला बोरी नदीची नव्हती. तरी दोघांपुढचा प्रश्न एकच होता : चहूकडे पाणी असताना माणसाला कोरडे कसे ठेवायचे? मीर इमादीनने तो वजनाने सोडवला. पाण्याचा दाब तळे किती लांबवर पसरले आहे यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. २० मीटर खोल पाणी अडवायचे तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २०० टन रेटा येतो. त्याला उत्तर म्हणून त्याने दगड आणि चुन्याची भक्कम भिंत घातली आणि तिच्या जाडीत खोल्या सोडल्या. दगड कितीही लागो, त्याला तोटा नव्हता. पाणबुडी करणाऱ्याला मात्र ही मुभा नाही. वर पाहिले तसे त्याचे वजन पाण्याने आधीच ठरवून दिलेले असते. त्या ठरलेल्या वजनात भिंत बळकट करायची, हे त्याचे काम. म्हणून त्याला पाणीमहालातून घेता येते ती एकच गोष्ट, कमान. कमानीचे दगड एकमेकांना दाबून धरतात, तसे गोल पिंपाचे पत्रे बाहेरच्या दाबाने एकमेकांवर रेटले जातात. मात्र ते गोल असले पाहिजेत. कुठे पोचा आला की तिथूनच पिंप बसते.

आमच्याकडच्या दूधवाल्यांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. दुधाचा टँकर वरचे झाकण न उघडता खालून रिकामा करू लागले तर आतली हवा विरळ होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने चांगला जाड पत्रा आत चिंबून जातो. बाहेरच्या हवेचा तो सगळा दाब म्हणजे केवळ १० मीटर पाण्याचा दाब. टँकरची टाकी, गॅसचे सिलिंडर, बॉयलर ही भांडी आतून येणाऱ्या दाबासाठी केलेली असतात. बाहेरून दाब आला की ती फुटत नाहीत, चुरगळतात, आणि चुरगळण्याआधी बहुतेक वेळा काही सूचना देत नाहीत. म्हणूनच पाणबुडीच्या पिंपाला आतून ठरावीक अंतरावर कडी बसवतात. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवल्यावर चाक जसे आकार सोडत नाही, तसे हे काम आहे.

जॉन डे याची मेणबत्ती

या दाबाचा धडा पहिल्यांदा जिवानिशी ज्याने दिला तो जॉन डे. हा इंग्लंडमधला सुतार. एका लहान होडीत बंद खोली करून तो सुमारे ३० फूट खोल जाऊन सुखरूप परत आला होता. तेवढ्यावर त्याने ख्रिस्तोफर ब्लेक नावाच्या एका जुगारी गृहस्थाला गाठले. किती खोल आणि किती तास राहणार यावर पैजा लागणार होत्या. ब्लेकच्या पैशांतून 'मारिया' नावाचे सुमारे ५० टनी गलबत घेतले गेले आणि त्याच्या पोटात हवाबंद लाकडी खोली बसवली गेली. बाहेरून दगडांचे वजन अडकवले होते आणि वर यायचे तेव्हा ते आतून सोडवता येणार होते. २० जून १७७४ रोजी प्लिमथच्या खाडीत डे घड्याळ, बिस्किटे आणि मेणबत्ती घेऊन आत शिरला. गलबत शंभर फुटांहून खोल पाण्यात बुडवले गेले. ते वर आले नाही.

डे याची योजना वेडगळ नव्हती. वजन सोडून वर येण्याची त्याची युक्ती आजही खाजगी पाणबुड्यांत वापरतात. चूक निराळीच होती. ३० फुटांवर टिकले म्हणून १०० फुटांवर टिकेल, असे त्याने धरले. पाण्यात दर १० मीटरला चौरस मीटरवर १० टन भार वाढतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १० मीटरला २.८ टन, तर ३० मीटरला ८.५ टन. सपाट फळ्यांच्या खोलीला हे पेलणे शक्यच नव्हते. माणूस आत बसवण्याआधी रिकामे गलबत दोराने त्या खोलीवर सोडून पाहिले असते, तर एका गलबताच्या किमतीत हे कळले असते.

त्याची मेणबत्तीही आपल्याला काही सांगते. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी आपल्याकडे कंदील सोडून पाहतात. तो विझला तर खाली उतरायचे नाही, हा नियम चांगलाच आहे. परंतु बंद पिंपात तो पुरेसा नाही. आपल्या मघाच्या पिंपात सामान भरून समजा १,५०० लिटर हवा उरली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन तासांत त्याचे प्रमाण ३ टक्क्यांवर जाते. डोके दुखू लागते, धाप लागते, पुढे विचार सुचेनासा होतो. त्या वेळी हवेत प्राणवायू १७ टक्क्यांहून अधिक शिल्लक असतो आणि त्यात मेणबत्ती जळू शकते. हातपाय चालवून यंत्र फिरवणाऱ्याला तर हे तासाभरातच गाठते. बंद जागेत माणूस प्राणवायू संपण्याआधी स्वतःच्याच उच्छ्वासाने घेरला जातो.

यावरचा उपाय म्हणजे चुना. आजच्या पाणबुड्यांत आणि शस्त्रक्रियेच्या वेळच्या भूल देण्याच्या यंत्रात 'सोडा लाइम' वापरतात, त्यातला मुख्य भाग विरवलेला चुनाच असतो. तो कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. आता नळदुर्गच्या भिंतीकडे वळून पाहा. दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना वर्षानुवर्षे हवेतला हाच वायू पीत पीत घट्ट होत जातो. ज्या वायूने पाणबुडीतला माणूस मरतो, तोच पिऊन आमचे वाडे, बारवा आणि किल्ले पक्के झाले. गवंड्याच्या घाण्यातला चुना आणि पाणबुडीतला चुना यांचे रसायन एकच आहे.

उघडता न येणारे झाकण

कील बंदरातली १ फेब्रुवारी १८५१ ची घटना या इतिहासातली मला सर्वांत शिकवणारी वाटते. विल्हेल्म बाउअर हा बव्हेरियाच्या तोफखान्यातला खालच्या दर्जाचा सैनिक. त्याने 'ब्रांडटाउखर' नावाची लोखंडी पाणबुडी तयार केली. पैशांची ओढ होती, म्हणून काटछाट झाली : पत्रा ठरल्यापेक्षा पातळ घेतला आणि स्वतंत्र टाक्या गाळून पाणी थेट बुडाशी घ्यायची सोय ठेवली. चाचणीच्या दिवशी हे मोकळे पाणी एका टोकाकडे धावले, पाणबुडी कलंडली आणि बाउअर दोन सोबत्यांसह तळाला जाऊन बसला.

झाकण आत-बाहेरच्या दाबाच्या फरकामुळे उघडणार नव्हते. त्यावर टनावारी भार होता. बाउअरने सोबत्यांना सांगितले की आता आणखी पाणी आत येऊ द्या. बुडालेल्या नावेत माणसाला कोणी अशी सूचना केली तर तो काय म्हणेल? सोबत्यांनी कडाडून विरोध केला. पण बाउअरचा हिशोब साधा होता. पाणी आत येईल तसतशी उरलेली हवा दबत जाईल, आतला आणि बाहेरचा दाब सारखा होईल, आणि मग झाकणाला हाताचा रेटा पुरेल. काही तासांनी तसेच झाले. झाकण उघडले आणि तिघेही हवेच्या बुडबुड्याबरोबर वर फेकले गेले. तिघेही वाचले. पाणबुडीतून जिवंत सुटण्याची ही पहिली नोंद. ती नौका १८८७ मध्ये गाळातून निघाली आणि आज जर्मनीत ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

बाउअरची नौका फसली, पण त्याची समज फसली नाही. दाबाचे गणित त्याच्या अंगात इतके मुरलेले होते की मरणाच्या दारातही ते त्याला आठवले. उलट रशियातल्या येफीम निकोनोवची कथा पाहा. हा पोक्रोव्स्कोये गावचा सुतार. त्याने १७१८ मध्ये थेट झार पीटरला अर्ज केला की मी पाण्याखालून चालणारी नौका करून देतो. पीटरने त्याला बोलावून घेतले आणि काम दिले. १७२४ मध्ये नेव्हा नदीतल्या चाचणीत नौका तळावर आपटून फुटली. १७२५ मध्ये पीटर वारला आणि निकोनोवच्या मागचे बळ गेले. १७२८ मध्ये त्याला पदावरून उतरवून साधा सुतार म्हणून दूर अस्त्राखानला धाडले गेले. त्याला काम सांगणारे होते, शिक्षा करणारेही होते. पण त्याच्या चुका त्याच्यासोबत बसून तपासणारा कोणी त्याला लाभला नाही.

मोन्तुरिओल आणि हॉलंड

बार्सिलोनाचा नार्सिस मोन्तुरिओल हा कायदा शिकलेला, छापखाना चालवणारा, समाजसुधारणेचे ध्यास घेतलेला माणूस. कादाकेस या किनाऱ्यावरच्या गावी पोवळी काढणाऱ्या पाणबुड्यांचे जीव जाताना पाहून तो या वाटेला लागला. त्याला शस्त्र करायचे नव्हते, त्या माणसांचे मरण टाळायचे होते. २८ जून १८५९ रोजी त्याची 'इक्तिनेओ' पाण्यात उतरली : ७ मीटर लांब, ऑलिव्हच्या लाकडाची, ओकच्या कड्यांची, वर तांब्याचा पत्रा. तिला दुहेरी कवच होते. आतले दाब सोसण्यासाठी, बाहेरचे पाणी कापण्यासाठी. मोन्तुरिओलने एका दिवसात खोल जाऊन दाखवले नाही. बेतात, पायरीपायरीने खोली वाढवत त्याने पन्नासहून अधिक बुड्या मारल्या, त्याही लोकांसमोर. १८६२ मध्ये एका मालवाहू जहाजाने धक्क्याला बांधलेली ती नौका चिरडली.

मग स्पेनमधल्या आणि क्युबातल्या लोकांनी वर्गणी दिली आणि १८६४ मध्ये दुसरी, मोठी इक्तिनेओ उतरली. तिच्यासाठी त्याने ज्वलनाला हवा न लागणारे रासायनिक मिश्रण शोधले. त्यातून वाफेसाठी उष्णता मिळे आणि वर प्राणवायूही सुटे. पण कर्ज वाढत गेले आणि १८६८ मध्ये ती नौका मोडीत विकली गेली. त्याच्या नौकांवर एकही माणूस मेला नाही. त्याचे दिवाळे निघाले ते वहीत, पाण्यात नाही.

जॉन फिलिप हॉलंड हा आयर्लंडमधला शाळामास्तर, पुढे अमेरिकेत न्यू जर्सीच्या पॅटरसन गावी शिकवणारा. १८७५ मध्ये त्याने अमेरिकी आरमाराकडे आराखडा पाठवला, तो नाकारला गेला. त्याने १८७८ मध्ये १४ फुटी लहान नौका करून गावच्या पसेइक नदीत चालवून पाहिली. हवे ते ज्ञान मिळाल्यावर त्याने ती स्वतःच नदीत बुडवून टाकली. मग दुसरी, तिसरी, असे करत सहावी नौका १८९७ मध्ये उतरली आणि ११ एप्रिल १९०० रोजी त्याच आरमाराने ती विकत घेतली. नकारापासून खरेदीपर्यंत पंचवीस वर्षे गेली. पहिली नौका पुढे १९२७ मध्ये वर काढली गेली. ती आज पॅटरसनच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

गोरोबांचे थापटणे

पुन्हा तेरला येऊ. संत गोरा कुंभार तेरचे. परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले की यांतली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांना राग आला, आणि ते मडके कच्चे ठरले. नामदेव दुखावले, पण तिथे थांबले नाहीत. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकून आले.

या कथेचा अध्यात्मातला अर्थ थोर आहेच. पण कुंभाराच्या धंद्यातही तो खरा आहे. मडके पक्के आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते आवाजावरून कळते, आणि तो आवाज काढायला बाहेरून कोणीतरी थापटावे लागते. पाणबुडीचेही तसेच आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. अशा कामात पोलादाच्या जोडांची क्ष-किरणांनी तपासणी होते, आणि ती तपासणारा माणूस जोड करणाऱ्याहून वेगळा असतो. घरी पाणबुडी करणाऱ्यांपैकी शहाणी माणसेही हेच करत आली. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांनी २५० फूट खोल जाणाऱ्या एकट्या माणसाच्या पाणबुडीचे आराखडे हौशी लोकांना उपलब्ध करून दिले. त्यामुळे कोणालाही पिंपाची जाडी अंदाजाने ठरवावी लागली नाही. नवी नौका आधी माणसाविना, दोराने, ठरलेल्या खोलीपेक्षा खाली सोडून पाहायची, मग गोलाई मोजायची, मगच आत बसायचे, अशी या मंडळींची रीत आहे.

ही रीत सोडल्यावर पैसा आणि तंत्र असूनही काय होते, ते १८ जून २०२३ रोजी जगाने पाहिले. 'टायटन' ही खाजगी पाणबुडी 'टायटॅनिक'च्या अवशेषांकडे जाताना चिरडली आणि पाच जण गेले. तिथे खोली ३,८०० मीटर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट दाब. तिचे पिंप कार्बन तंतूंचे होते आणि कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून तिने तपासणी करून घेतलेली नव्हती. २०१८ मध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी पत्र लिहून काळजी व्यक्त केली होती. २०२२ मध्ये एका बुडीच्या अखेरीस मोठा आवाज झाला आणि त्यानंतर पिंपावरच्या उपकरणांच्या नोंदी बदलल्या, हेही चौकशीत पुढे आले. मडके स्वतःच वाजून सांगत होते. ऐकणाऱ्यांनी कान बंद केले होते.

यावरून घरच्या कारागिरांना घरीच बसवा, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील. मला तो मान्य नाही. हॉलंड आणि मोन्तुरिओल घरचेच होते. पाणी माणसाची पदवी विचारत नाही, ते फक्त पत्र्याची जाडी विचारते. पण आपल्या समाजाने अशा माणसांशी वागायच्या दोनच रीती ठरवल्या आहेत : आधी थट्टा, नंतर हार. २०२१ मध्ये विदर्भातल्या एका खेड्यात पत्र्याचे काम करणारा तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. त्याच्या कौतुकाच्या बातम्या मृत्यूनंतर सर्वदूर छापल्या गेल्या. पाते तुटण्याआधी ते वाजवून पाहणारा कोणी त्याला मिळाला असता तर, हा प्रश्न त्या बातम्यांत नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यात तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, निवृत्त यंत्रज्ञ आहेत. आठवड्यातला एक दिवस त्यांच्या कार्यशाळेचे दार अशा कारागिरासाठी उघडे राहिले आणि त्याचा जोड, त्याचे पाते, त्याचे पिंप कोणी तपासून दिले, तर त्याला फारसा खर्च नाही. कारागिरानेही तिथे जाताना नामदेवांचा पहिला राग घरी ठेवून त्यांचा पुढचा प्रवास तेवढा सोबत घ्यावा.

लिखाणाच्या क्षेत्रात विद्यापीठाबाहेर राहून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हे लागू आहे. गावचा शिलालेख वाचणारा, जुनी कागदपत्रे जमवणारा, ऐकीव कथेला काळाचे टाचण लावणारा प्रत्येक जण एक पिंप घेऊन खोल उतरत असतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या हौसेने पुरातन वस्तू जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाचे संग्रहालय तिथे उभे आहे. पुढे अभ्यासकांनी त्या वस्तू हाताळल्या, ताडून पाहिल्या, काळ ठरवले, म्हणून त्या संग्रहाला वजन आले. आमच्या लेखनातही चूक निघाली तर माणूस मरत नाही एवढाच काय तो फरक. पण ती चूक पुढच्या दहा पुस्तकांत उतरते आणि तळाशी बसून राहते.

येत्या पावसाळ्यात सांडवे वाहू लागले की नळदुर्गला जावे. मुलांना सोबत न्यावे. वाटेत एखाद्या विहिरीवर किंवा घरच्या हौदात त्यांना एक लोटा उपडा करून दाबायला लावावा, हाताला लागणारा उलटा रेटा त्यांना जाणवू द्यावा, आणि मग पाणीमहालाच्या खिडकीशी उभे राहून विचारावे की हीच खोली दगडाशिवाय नदीच्या मधोमध न्यायची झाली तर काय काय करावे लागेल. मुले झाकणाची, पत्र्याची, हवेची उत्तरे देतील. वर कसे यायचे, हे त्यांनी सांगेपर्यंत थांबावे.